घड्याळाशेजारचं हिरवं चित्र

आमच्या घरात उघडं असं काही राहत नाही. सासूबाई राहू देत नाहीत. नळ, दारं, कपाटं, साखरेचा डबा, पेनाचं टोपण, मी पालथं घालून ठेवलेलं अर्धवट पुस्तक, जे दिसेल ते बंद करत त्या घरभर फिरतात. एकदा बोलता बोलता मी विचार करायला थांबलो, तोंड तसंच उघडं राहिलं, तर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी ते मिटून घेतलं. बायको म्हणते, मी वाढवून सांगतो. तिला तिच्या आईचं कौतुक आहे आणि मला त्यांचा धाक आहे, एवढाच फरक.

सासूबाई बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगच्या मुख्य होत्या. सरकत्या पट्ट्यावरून बिस्किटं येणार, पुडे भरणार, पुडे बंद होणार, आणि एखादा उघडा पुडा पुढे गेलाच तर सगळ्यांची खरडपट्टी निघणार. त्या पट्ट्याच्या टोकाला एक मोठं लाल बटण होतं. ते दाबलं की अख्खा कारखाना थांबायचा. कुणाचा हात अडकला तरच ते दाबायचं, एरवी तिकडे बघायचंसुद्धा नाही. सासूबाईंनी सगळी नोकरी त्या बटणाला बोट न लावता केली आणि निरोपाच्या भाषणात साहेबांनी त्याचा खास उल्लेख केला. निवृत्त होऊन त्या आमच्याकडे राहायला आल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर दोन बॅगा, लोकरीचं एक गाठोडं आणि लाल बटणाला हात लावायचा नाही हा नियम आला.

मी एका छापखान्यात कॉम्प्युटर सांभाळतो. छापखान्यात मालक म्हणतील ते चालतं, पण घरात कॉम्प्युटर चालवायला मी लिनक्स ही प्रणाली सोडून दुसरं काही ठेवत नाही. ते फुकट आहे, हलकं आहे आणि बिघडलं तर का बिघडलं ते सांगतं, जे माझ्या नात्यातलं कुणीही करत नाही. दुसऱ्यांच्या कॉम्प्युटरमध्ये खोट निघाली की मी हसतो, लिनक्समध्ये निघाली की ती खोट नसून पद्धत कशी आहे ते समजावून सांगतो. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. सासूबाईंसाठी मी बैठकीच्या खोलीत कोपऱ्यातल्या टेबलावर एक जुना कॉम्प्युटर मांडून दिला, त्यात लिनक्स घातलं, वर कॅमेरा बसवला आणि कानाला लावायचे हेडफोन भिंतीवरच्या खिळ्याला टांगले. कॅमेरा उघडा दिसतो म्हणून सासूबाईंनी त्याच दिवशी त्याला लोकरीची टोपी विणली. बोलायचं असेल तेव्हा टोपी काढायची, झालं की घालायची.

बोलायचं असायचं माझ्या आईशी. आई लांब राहते, बाबा गेल्यापासून एकटीच. बायकोला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा दोघी विहिणींनी ठरवलं की बाळाचा पहिला स्वेटर दोघींनी मिळून विणायचा. एकाच पिवळ्या लोकरीचे गुंडे दोन्ही घरी गेले. अंग आणि डावी बाही सासूबाईंची, उजवी बाही आईची. रोज दुपारी जेवणं आवरली की सासूबाई टोपी काढायच्या, हेडफोन लावायच्या, आई पडद्यावर यायची आणि दोघी समोरासमोर विणत बसायच्या. बाळ यायच्या आधी आईने आमच्याकडे येऊन राहायचं, हेही ठरलं होतं. विहिणींचं एवढं जमलेलं मी कुठे पाहिलं नव्हतं. मला तर थोडी काळजीच वाटायची, कारण त्या दोघींचं एकमत सहसा माझ्याविषयी व्हायचं.

मग लिनक्सची नवी आवृत्ती आली. आली की मी घालतोच. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी विचारलं, घड्याळाशेजारची चित्रं कुठे गेली. पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ असतं आणि त्याच्या बाजूला चालू असलेल्या प्रोग्रॅमची बारीक बारीक चित्रं असतात, प्रिंटरचं, बोलायच्या प्रोग्रॅमचं, असली. नव्या आवृत्तीने ती काढून टाकली होती. मी सासूबाईंना सांगितलं की ही सुधारणा आहे. पडदा कसा मोकळा दिसतो बघा. जगभरातल्या हुशार लोकांनी विचार करून ठरवलंय की माणसाला ती चित्रं लागत नाहीत.

"मला ते हिरवं लागतं," सासूबाई म्हणाल्या.

मी म्हटलं, कशाला लागतं, प्रोग्रॅम डावीकडे आहे, टिचकी मारली की उघडतो. त्यावर त्या म्हणाल्या, "उघडायचं मला येतं हो." एवढंच म्हणाल्या आणि माझा चहाचा कप मी पीत असतानाच त्यावर झाकण ठेवून गेल्या. त्यांनी पुढेही चार-पाच वेळा हिरव्या चित्राची आठवण काढली. मी दर वेळी मोकळ्या पडद्याचे फायदे सांगितले.

काही आठवड्यांनी आईने विणलेली उजवी बाही कुरिअरने आली. सासूबाईंनी दुपारी हेडफोन लावून ती कॅमेऱ्यासमोर धरली आणि म्हणाल्या की विहीणबाई, काय सुबक काम आहे, मापात तर अगदी शंभर नंबरी. आई पलीकडे लाजली असावी. मग निरोपाचं बोलणं झालं, सासूबाईंनी हेडफोन खिळ्याला टांगले, पडद्यावरची खिडकी बंद केली, कॅमेऱ्याला टोपी घातली आणि बाही घेऊन बायकोसमोर आल्या. बायको आरामखुर्चीत पाय वर करून बसली होती. तिचे पाय तेव्हा सुजायला लागले होते.

"ही बाही आहे की हत्तीची सोंड?" सासूबाई म्हणाल्या.

बाही खरोखरच लांब होती. डावी बाही माझ्या पंजात मावत होती आणि उजवी कोपरापर्यंत येत होती. बाळाचा एक हात जमिनीला लागला असता. सासूबाईंनी निदान केलं की विहीणबाईंचा हात सैल आहे, शिवाय मोजण्याचं आणि त्यांचं वाकडं दिसतंय. उगाच त्यांना दुखवायला नको, आपण गुपचूप उसवू आणि मापाची विणू, त्यांना पत्ता लागणार नाही. बायको इतकी हसली की तिला पोटाला हात लावून बसावं लागलं. सुट्टी होती, मी स्वयंपाकघरात होतो. भांडी घासत नव्हतो, कारण ते मला येत नाही. आईने मला कधी भांड्याला हातच लावू दिला नाही, असं मी लग्नाच्या पहिल्या आठवड्यात जाहीर करून ठेवलं होतं. मी बिस्किटं खात होतो आणि तिथूनच हसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईने कॉल घेतला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मग मला छापखान्यात फोन आला. आईचा आवाज अगदी थंड होता. मी येत नाही, म्हणाली. मी विचारलं, का. तर म्हणाली, "हत्तीची सोंड विणणाऱ्या बाईचं तिथे काय काम? बाळाला धरताना पण माझा हात सैल पडायचा." आणि फोन ठेवला.

मी घरी येऊन हे सांगितलं आणि माझ्यावर आभाळ कोसळलं. सोंडेचं बोलणं घरात तिघांनीच ऐकलं होतं. बोलल्या त्या सासूबाई, ऐकलं ते बायकोने, आणि उरलो मी, ज्याची आई पलीकडे होती. भिंतीला कान असतात म्हणतात, पण त्या वेळी कुणाच्या मनात भिंत आली नाही. मी शपथा घेतल्या, फोन दाखवला, चिडलो, जेवलो नाही, मग भूक लागली म्हणून जेवलो. सासूबाई मला काही म्हणाल्या नाहीत. त्यांनी फक्त मला जावईबापू म्हणायला सुरुवात केली, ते फार वाईट. बायको म्हणाली, तुझ्या पोटात काही राहत नाही हे मला माहीत होतं, पण हे इतकं आतलं निघेल असं वाटलं नव्हतं. आणि मला सगळ्यात जास्त राग याचा आला की आयुष्यात पहिल्यांदा मी खरोखर गप्प बसलो होतो आणि त्याचंच खापर माझ्या डोक्यावर फुटलं.

पण रागाच्या खाली खरी गोष्ट वेगळी होती. दिवस भरत आले होते. आई यायला हवी होती. बायकोला ती हवी होती, कारण माझी आई न विचारता पाय चेपते. मला हवी होती, कारण ती माझी आई आहे आणि पहिल्या बाळाच्या वेळी ती तिकडे एकटी रुसून बसलेली असणं मला सहन झालं नसतं. सासूबाईंनी मात्र उजवी बाही उसवली नाही, ती घडी घालून कपाटात ठेवली आणि कपाट बंद केलं.

मग रविवार आला. सकाळी सासूबाईंनी स्वतःहून टोपी काढली आणि आईला कॉल लावला. आईने उचलला, पण तिने तिकडचा कॅमेरा लावला नाही. काळ्या पडद्याशी सासूबाई बोलल्या. आम्हाला त्यांचीच बाजू ऐकू येत होती. बऱ्या आहात ना. थंडी आहे का तिकडे. बरं. इकडे सगळं ठीक. बरं. त्यांनी हेडफोन काढून खिळ्याला टांगले, खिडकी बंद केली, टोपी घातली आणि पदराने डोळे पुसले. सासूबाईंना डोळे पुसताना मी पहिल्यांदा पाहत होतो, त्यामुळे कुठे बघावं ते मला कळेना.

बायकोने खुर्चीतूनच फर्मान काढलं. आता बस आणि ती चित्रं परत आण. उद्या आईंनी काही लिहून पाठवलं तर मम्मीला कळायला तरी पाहिजे. मी म्हटलं, ती पद्धत आता गेली. ती म्हणाली, तू पण जाशील. मी बसलो. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, तशी माझी गत, आधीच चुगलखोर ठरलेलो आणि वर ही चाकरी.

लिनक्समध्ये एखादी गोष्ट हवी असेल तर आधी जगाला विचारावं लागतं. मी फोरमवर, म्हणजे इंटरनेटवरच्या चावडीवर, शोधलं. माझ्यासारखंच एकाने विचारलं होतं, चित्रं परत कशी आणायची. दुसऱ्याने उलट विचारलं होतं की तुला ती हवीतच कशाला. तिसऱ्याने दुसऱ्याला शाबासकी दिली होती. चौथा म्हणाला की हा प्रश्न मागेच विचारून झालाय, आणि पाचवा म्हणाला की मागेही कुणी उत्तर दिलं नव्हतं. मग ते सगळे एकमेकांच्या अकलेविषयी बोलत बरेच खाली गेले होते. बायको वाचून दाखव म्हणाली, मी दाखवलं. ती म्हणाली, अगदी तुझ्यासारखीच माणसं आहेत ही. सगळ्यात शेवटी कुणीतरी एक शब्द न बोलता फक्त दोन ओळींची आज्ञा देऊन गेला होता. त्या माणसाचं भलं होवो.

चित्रं परत आणायला एक जोड-प्रोग्रॅम घालायचा असतो. मी घातला. घड्याळ गायब झालं.

"आधी चित्रं गेली, आता वेळ पण गेली," सासूबाई मागून म्हणाल्या. त्या येऊन माझ्या खुर्चीमागे उभ्या होत्या आणि मी उघडलेला टेबलाचा खण बंद करत होत्या.

मी जोड काढला, त्याची दुसरी आवृत्ती घातली. घड्याळ आलं, पण पडद्याच्या डाव्या बाजूला, आणि त्याच्याशेजारी प्रिंटरची तीन चित्रं आली. आमच्याकडे एक प्रिंटर आहे आणि तोही चालत नाही. सासूबाईंनी ती तिन्ही मोजली. मी म्हटलं, अजून सगळं बसलेलं नाही. बायको म्हणाली, तू मात्र कधीचा बसलायस, सिंकमध्ये भांडी पडलीत, ती कोण घासणार. मी नेहमीचं उत्तर दिलं, की मला आईने कधी भांड्याला हात लावू दिला नाही, आता या वयात मी काय शिकणार.

मी सेटिंगच्या खिडकीत डोकं घातलं होतं. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सासूबाई बसल्या होत्या. त्यांनी कपाटातून लांब बाही काढून आणली होती आणि ती मांडीवर घेऊन त्या बायकोशी बोलायला लागल्या. मी तिथे नसल्यासारख्याच बोलत होत्या.

त्या म्हणाल्या की चूक माझीच झाली. तोंडावर गोड बोलले आणि पाठीमागे नावं ठेवली. कारखान्यात कुणी असं केलं तर मी त्या बाईला पट्ट्यावरून उठवायचे. जावईबापूंनी सांगितलं ते वाईटच केलं, पण सांगण्यासारखं बोलले तर मीच ना. इथे मी पुन्हा शपथ घ्यायला तोंड उघडलं, पण बायकोने हात वर केला.

"तुझ्या वेळी मी एकटी होते," सासूबाई तिला म्हणाल्या. "तू इतकी रडायचीस, आणि मी तुला इतकं घट्ट धरायचे की तू आणखी रडायचीस. माझा हातच घट्ट आहे, मला सैल धरता येत नाही. बाळाला सैल हात लागतो गं. मला विहीणबाई इथे हव्यात. मला भीती वाटते."

बायकोने त्यांचा हात धरला. मी पडद्याकडेच बघत राहिलो, कारण जावयाने अशा वेळी वळायचं नसतं. प्रिंटरची तीन चित्रं मात्र मला सहा दिसत होती.

शेवटी मला चूक सापडली. दोन जोड एकमेकांत भांडत होते, एक मी आधी कधीतरी घालून विसरलो होतो. तो काढला. आता फक्त पडद्यावरची वरची सजावट एकदा उतरवून परत चढवायची होती. हे मी दोघींना समजावून सांगितलं, कारण मला वातावरण जरा हलकं करायचं होतं आणि लिनक्सची बाजूही सावरायची होती. बघा, म्हटलं, इथे कॉम्प्युटर बंद करावा लागत नाही, सजावट पडते आणि परत उभी राहते, आत जे जे चालू असेल ते तसंच चालू राहतं.

पडदा क्षणभर काळा झाला आणि परत आला. घड्याळ आपल्या जागी, उजव्या कोपऱ्यात. शेजारी प्रिंटर, एकच. आणि त्याच्या शेजारी एक इवलंसं हिरवं चित्र.

"हेच ते," सासूबाई पुढे वाकून म्हणाल्या. "हेच हिरवं."

मी म्हटलं, हे हिरवं का आहे. त्या म्हणाल्या, ते पहिल्यापासून हिरवंच. मी म्हटलं, नाही, हे एरवी राखाडी असतं, कॉल चालू असला की हिरवं होतं. मी त्याच्यावर बाण नेला. खाली छोटी पाटी आली. कॉल चालू. आई.

मग मी अगदी हळू आवाजात सासूबाईंना विचारलं की तुम्ही कॉल संपवता कसा.

त्यांनी सांगितलं, आणि सांगताना त्यांचाही आवाज हळू झाला. पूर्वी त्या या हिरव्या चित्रावर उजवी टिचकी मारायच्या. खाली साध्या काळ्या अक्षरात 'संपवा' यायचं, ते दाबायच्या. खिडकीतही एक बटण असतं, पण ते लाल आहे.

"मग चित्र गेल्यावर?"

"मग काय. फुली मारून खिडकी बंद करायचे," सासूबाई म्हणाल्या. "दुकानाचं शटर पाडल्यावर आत गिऱ्हाईक राहतं का?"

राहतं. या प्रोग्रॅममध्ये राहतं. खिडकी बंद केली तरी तो आत चालूच असतो, आणि तो चालू आहे हे कळायची एकच खूण असते, घड्याळाशेजारचं चित्र. ती खूण जगभरातल्या हुशार लोकांनी काढली होती आणि मी त्यांच्या वतीने व्याख्यानं दिली होती. कॅमेऱ्याच्या तोंडावर टोपी असली तरी त्याच्या कानावर नव्हती. आईचा आवाज हेडफोनमध्ये, हेडफोन खिळ्याला, त्यामुळे तिने तिकडून काही म्हटलं तरी ते भिंतीलाच ऐकू जाणार. आई रोज स्वतःच केव्हातरी कॉल तोडत असणार, म्हणून कुणाला पत्ता लागला नव्हता.

आणि आता तो चालू होता. सकाळपासून.

मी खिळ्यावरचे हेडफोन काढले. कानाला लावायची हिंमत झाली नाही, नुसते हातात धरले. त्यातून मुंगीएवढा आवाज आला.

"झालं का रे बसवून?" आई म्हणाली.

मी हेडफोनची पिन काढून आवाज स्पीकरवर घेतला. आई पुढे म्हणाली की तो फोरमवरचा शेवटचा माणूस सोडला तर बाकीचे अगदीच टवाळ दिसतात. मग म्हणाली, "आणि भांड्यांचं काय म्हणालास? शाळेतून आल्यावर स्टुलावर उभा राहून कोण घासायचं? शेजारच्या बायका बघायला यायच्या."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. सिंककडे फक्त बोट दाखवलं.

पण मी हललो नाही, कारण सासूबाई उठल्या होत्या. त्या टेबलापाशी आल्या, कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या, आणि टोपी तशीच असल्याने आई त्यांना पाहू शकत नव्हती हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. त्या म्हणाल्या की विहीणबाई, मी चुकले. बाही सोंडेसारखी नाही. थोडी लांब आहे एवढंच, हात सैल असला की होतं असं.

"हात सैल नाही माझा," आई म्हणाली.

मी मनात म्हटलं, झालं, आता पुन्हा पेटणार. पण आईचा आवाज बदलला होता. ती म्हणाली की तुम्ही निरोप घेऊन गेलात तरी तुमच्या घरचा आवाज येत राहायचा. पहिल्या दिवशी मी ओरडून सांगितलं, चालू आहे म्हणून, पण कुणी ऐकलं नाही. मग मीही तोडलं नाही. भांड्यांचे आवाज यायचे. कपाटं लागायची. हा संध्याकाळी येऊन बडबडायचा. पोरगी हसायची. इथे बाबा गेल्यापासून घड्याळ सोडून काही वाजत नाही.

"मी म्हणायचे, एवढी ओळ झाली की तोडते," आई म्हणाली. "पण तुमचं काहीतरी चाललेलं असायचं. मग आणखी एक ओळ. मोजायचं भानच राहायचं नाही."

आम्ही तिघांनी सासूबाईंच्या हातातल्या बाहीकडे पाहिलं. पिवळी, सुबक, एकसारख्या टाक्यांची, आणि लांबच लांब. तिच्यातल्या मनगटापासून पुढची सगळी बाही म्हणजे आमच्या घरातल्या दुपारी होत्या. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

सासूबाईंनी बाही कुरवाळली. मग त्या जागेवर जाऊन बसल्या, आपल्या गाठोड्यातून डावी बाही काढली, ती चिमुकली, मापाची, कारखान्याच्या शिस्तीची, आणि तिचं टोक सोडून ती सरळ उसवायला लागल्या. बायको म्हणाली, मम्मी, अगं ती बरोबर आहे. सासूबाई म्हणाल्या की बरोबर आहे, पण एक हात लांब आणि एक आखूड कसं चालेल. दोन्ही लांब करते, अंगही वाढवते. बाळ काय जन्मभर एवढंसंच राहणार आहे का.

"तेवढं सगळं होईपर्यंत बाळ येईल, विहीणबाई," आई म्हणाली.

"म्हणून तर म्हणते, तुम्ही या," सासूबाई म्हणाल्या. "मला एकटीला आवरायचं नाही."

आईने मला तिकीट काढायला सांगितलं. लगेच काढ, मी इथून ऐकतेय, म्हणाली, आणि आता तिच्या आवाजात राग नव्हता. मग सासूबाई माझ्याकडे वळल्या. मला वाटलं माफी मागतील. त्यांनी मला नुसतं माझ्या नावाने हाक मारली, जावईबापू नाही, आणि विचारलं की हे चित्र आता परत जाणार नाही ना. मी म्हटलं, पुढची आवृत्ती मी घालणारच नाही. असलं वाक्य मी आयुष्यात प्रथमच बोललो. मी मग कॉल संपवायला हिरव्या चित्राकडे बाण नेला, कारण सगळं ठरलं होतं आणि सकाळपासून तो चालू होता. सासूबाईंनी माझ्या हातावर चापट मारली.

"राहू दे उघडं," त्या म्हणाल्या.

त्यांनी कॅमेऱ्याची टोपी काढली, टेबलाच्या खणात ठेवली, आणि खण लावायला विसरल्या. आईनेही तिकडचा कॅमेरा लावला. ती खिडकीजवळ बसली होती, सुया हातात होत्या, आणि पिवळी लोकर तिच्या मांडीवर होती. दोघी विणायला लागल्या. बायकोचा डोळा लागला. मी हळूच उठलो आणि स्वयंपाकघरात बिस्किटांच्या डब्याकडे हात नेला.

"आधी भांडी," बैठकीच्या खोलीतून आई म्हणाली.